पहिली पोस्ट बुधवारी, उत्तरं रविवारी

अमेरिकेत ऑनलाइन लेखनवर्ग शिकवायला घेतला की सेमिस्टर सुरू होण्याआधीच एक सरकारी नियम हातात पडतो, आणि आपल्याकडच्या कॉलेजांत वाढलेल्या माणसाला तो चक्रावून टाकतो. १ जुलै २०२१ पासून इथे केंद्र सरकारची नवी व्याख्या लागू आहे. ऑनलाइन कोर्समध्ये शिक्षकाचा विद्यार्थ्यांशी 'नियमित आणि ठोस' संवाद असला पाहिजे. तो नसेल तर कोर्स दूरशिक्षणाचा राहत नाही, पोस्टाने शिकवण्याचा ठरतो. एखाद्या कॉलेजचे निम्म्याहून अधिक कोर्स तसे ठरले, तर तिथल्या विद्यार्थ्यांना मिळणारी केंद्राची अनुदानं आणि कर्जं बंद होऊ शकतात. ठोस संवादाचे पाच प्रकार नियमातच दिले आहेत आणि त्यांतले किमान दोन हवेत. पाचांपैकी एक आहे अभ्यासविषयावर गटचर्चा चालवणं. चर्चा चालवणं हे शिक्षकाचं काम आहे असं थेट सरकारी नियमात लिहिलेलं बघून मला फार बरं वाटलं.

हा नियम नुसता कागदावरचा नाही. जुना नियम होता तेव्हा, २०१७ मध्ये, शिक्षण खात्याच्या महानिरीक्षक कार्यालयाने याच मुद्द्यावर वेस्टर्न गव्हर्नर्स युनिव्हर्सिटी या ऑनलाइन विद्यापीठाकडून ७१ कोटी ३० लाख डॉलर परत घ्यावेत अशी शिफारस केली होती. २०१९ मध्ये खात्याने ती मान्य केली नाही. पण एवढा आकडा एकदा कानावर पडला की प्रत्येक कॉलेज प्रत्येक ऑनलाइन कोर्समध्ये चर्चेचा फोरम, म्हणजे लिहून चर्चा करायची जागा, ठेवतंच.

आणि मग सगळीकडे एकच साचा: पहिली पोस्ट बुधवारी रात्री ११:५९ पर्यंत, वर्गमित्रांना दोन उत्तरं रविवारी रात्री ११:५९ पर्यंत. या साच्यावर माझा राग आहे. साचा वाईट म्हणून नव्हे. तो लावला की चर्चा आपोआप होते असा समज पसरला आहे, म्हणून.

होतं काय, तर २२ जणांच्या वर्गाला एकच उतारा आणि एकच प्रश्न मिळतो: 'लेखकाचं मुख्य म्हणणं काय? तुम्ही सहमत आहात का?' पहिले तीन विद्यार्थी प्रश्न संपवून टाकतात. उरलेले एकोणीस तेच शब्द फिरवून लिहितात. रविवारी रात्री उत्तरं येतात: 'छान लिहिलंस, मी पूर्ण सहमत आहे, मलाही हेच वाटलं.' शब्दसंख्या भरावी म्हणून त्याखाली समोरच्याच्या पोस्टचा सारांश. याला मुलांचा आळस म्हणायचं आणि पुढे जायचं, ही इथली सवय मला पटत नाही. ज्या प्रश्नाचं एकच उत्तर आहे त्यावर दुसऱ्याला बोलायला काही शिल्लकच नसतं, आणि रविवारी रात्री लिहिलेलं उत्तर ज्याला लिहिलं तो कधी वाचत नाही, कारण सोमवारी नवा फोरम उघडलेला असतो. दोष प्रश्नात आणि तारखांत आहे.

तारखा आधी सुधाराव्यात. उत्तरांची मुदत रविवारऐवजी शनिवारी ठेवायची आणि तिसरं काम द्यायचं: ज्याला उत्तर मिळालं त्याने सोमवारपर्यंत दोन ओळींत सांगायचं, 'तुझ्या उत्तरामुळे माझ्या मसुद्यातलं हे वाक्य असं बदललं' किंवा 'बदललं नाही, कारण'. या दोन ओळींमुळे उत्तर वाचलं जातं. कॅनव्हास या इथल्या कॉलेजांत ऑनलाइन वर्ग चालवायच्या प्रणालीत गुण असलेल्या चर्चेला पूर्वी एकच अंतिम तारीख देता यायची. आता 'चेकपॉइंट' नावाची सोय आहे, तिच्यात पहिली पोस्ट आणि उत्तरं यांना वेगळ्या तारखा व वेगळे गुण देता येतात, मात्र ती कॉलेजने सुरू केलेली असावी लागते. नसेल तर उत्तरांसाठी गुणपत्रकात वेगळी असाइनमेंट उघडावी. नाहीतर प्रणाली मुलांना एकच तारीख दाखवते, आणि बुधवारचं काम शनिवारी येतं.

दुसरी गोष्ट म्हणजे 'आधी पोस्ट करा, मगच इतरांचं दिसेल' ही सोय. ती लावावीच, पण तिची पळवाटही माहीत असावी. मूल नुसतं एक टिंब टाकून पोस्ट करतं, सगळ्यांचं वाचतं आणि मग टिंबाच्या जागी आपलं लिहितं. कॅनव्हासमध्ये स्वतःचं लेखन बदलण्याची परवानगी काढून घेता येते, पण ती पूर्ण कोर्ससाठी जाते. लेखनाच्या वर्गात मुलांना आपलं वाक्य सुधारता येऊ नये, हे मला फार विचित्र वाटतं. म्हणून परवानगी ठेवायची आणि अटीत लिहायचं: पहिल्या पोस्टमध्ये नेमून दिलेली वाक्यं नसतील तर तिचे गुण नाहीत. मूडल या बाबतीत उजवं आहे. २००२ पासून चालत आलेल्या या मोफत प्रणालीत प्रश्नोत्तरी प्रकारचा फोरम आहे. त्यात पोस्ट केल्यावर दुरुस्तीची मुदत, साधारणपणे ३० मिनिटं, संपेपर्यंत इतरांचं काही दिसत नाही. टिंबाची युक्ती तिथे चालत नाही. महाराष्ट्रातल्या कितीतरी कॉलेजांत मूडल आहे आणि ते बहुतेक नोट्स चढवण्यापुरतं वापरलं जातं. प्राध्यापक मंडळींनी हा एक प्रकार उघडून बघावा.

आता प्रश्नाकडे. माझ्या मते सगळं यश इथे आहे. चांगल्या प्रश्नाला तीन गोष्टी लागतात. पहिली, प्रत्येकाच्या हातात वेगळा माल: उताऱ्यातला वेगळा परिच्छेद किंवा स्वतःच्या मसुद्यातला परिच्छेद. दुसरी, मोजता येईल अशी कृती. 'चर्चा करा' असं लिहू नये. लिहावं: 'तुमच्या मसुद्यातलं दाव्याचं वाक्य चिकटवा, त्याखाली पुरावा म्हणून दिलेलं एक वाक्य चिकटवा, आणि पुराव्यातून दावा कसा निघतो ते १०० शब्दांत लिहा.' तिसरी, उत्तर देणाऱ्याला स्वतंत्र काम: 'समोरच्याचं एक वाक्य जसंच्या तसं घ्या आणि त्यावर विरोधक काय म्हणेल ते ७५ ते १०० शब्दांत मांडा.' असा प्रश्न दिला की 'मी सहमत आहे' लिहायला जागाच उरत नाही.

इथे मला आपल्या परंपरेबद्दल बोलावंसं वाटतं. खंडन करण्याआधी प्रतिपक्षाचं म्हणणं त्याच्याहून नेटकं मांडायचं, ही पूर्वपक्षाची शिस्त आपल्या शास्त्रग्रंथांत शतकानुशतकं आहे. अमेरिकेतल्या लेखनवर्गात समोरच्याची बाजू प्रामाणिकपणे मांडायला आठवडेच्या आठवडे शिकवतात. आपल्याकडे त्यासाठी तयार शब्द आहे, रीत आहे, आणि तरीही आपल्या भाषेच्या पेपरात ती कुठे दिसत नाही. मुलं २१ अपेक्षित घेऊन बसतात, कारण परीक्षा तेच मागते. त्यात मुलांचा दोष नाही.

आपल्याकडे फोरम नाहीत असंही नाही. भारत सरकारच्या स्वयम या ऑनलाइन शिक्षणाच्या पोर्टलवरच्या कोर्सचे चार भाग ठरलेले आहेत: व्हिडिओ, वाचनसाहित्य, स्वयंचाचणी आणि चर्चेचा फोरम. फरक हेतूत आहे. तिथला फोरम शंकानिरसनासाठी आहे. विद्यार्थी विचारतो, जाणकार सांगतात, शंका मिटली की धागा संपतो. हजारोंच्या कोर्सला तेच योग्य आहे, त्याला कमी लेखायचं कारण नाही. लेखनवर्गाच्या फोरममध्ये मात्र पोस्ट हेच लेखन असतं आणि वाचक म्हणजे शेजारी बसणारा वर्गमित्र.

याचं मूळही लक्षात ठेवण्यासारखं आहे. १९८५ मध्ये वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट विद्यापीठात, म्हणजे कर्णबधिर विद्यार्थ्यांच्या विद्यापीठात, ट्रेंट बॅट्सन यांनी वर्गातले संगणक एकमेकांना जोडून सगळी चर्चा लिहून करायला सुरुवात केली. तिथल्या मुलांची रोजची बोली खुणांची भाषा. इंग्रजी त्यांना बहुतेक लिखित रूपातच भेटत होती. लिहिलेल्याला लगेच कोणी उत्तर देतंय, हा अनुभव त्यांना या जाळ्याने दिला. इंग्रजीत बोलताना अडणाऱ्या, पण लिहायला दहा मिनिटं मिळाली की मुद्देसूद मांडणाऱ्या आपल्या मराठी माध्यमाच्या मुलांना फोरम का मानवतो, ते यावरून कळतं. 'भारतीय विद्यार्थी वर्गात गप्प असतात' हे इथे फार ऐकू येतं. फोरमवर तीच मुलं गप्प नसतात. फक्त पहिल्या आठवड्यात त्यांना एक सांगावं लागतं: वर्गमित्राच्या वाक्यातली उणीव दाखवणं हा त्याचा अपमान नाही, तेच मागितलेलं काम आहे. 'रिस्पेक्टेड सर' इथे लागत नाही. मित्राला नावाने हाक मारून सुरुवात करावी.

आता आकड्यांचं बघू, कारण इथे तुलना फसवी होते. इथल्या लेखनशिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेची भूमिका आहे की लेखनवर्गात २० पेक्षा जास्त विद्यार्थी नसावेत, आदर्श म्हणजे १५. प्रत्यक्षात २२ धरू. प्रत्येकाची १७५ शब्दांची पोस्ट आणि ८५ शब्दांची दोन उत्तरं, म्हणजे माणशी ३४५ शब्द. वर्गाचे ७,५९० झाले. शिक्षकाकडे असे चार वर्ग असले तर आठवड्याला ३०,३६० शब्द, नुसतं वाचायलाच अडीच तास. आपल्याकडे प्रथम वर्षाच्या भाषेच्या वर्गात १२० मुलं असली तर एकाच वर्गाचे ४१,४०० शब्द होतात. आपले प्राध्यापक हे करत नाहीत म्हणून त्यांना नावं ठेवणाऱ्यांनी हा गुणाकार आधी करावा.

तरी १२० मध्येही मार्ग निघतो. सहा-सहांचे वीस गट करावेत. दर आठवड्याला पाचच गट बारकाईने वाचायचे, चार आठवड्यांत सगळे होतात, आणि कोणते पाच ते आधी सांगायचं नाही. गूगल क्लासरूममध्ये 'प्रश्न' हा प्रकार घेऊन विद्यार्थ्यांना एकमेकांना उत्तर देण्याची मुभा दिली, तर स्वतःचं उत्तर दिल्यावरच इतरांची दिसतात. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर मात्र हे करू नये. तिथे धागे राहत नाहीत, सुप्रभातच्या फुलांत मसुदा हरवतो, आणि मुलींचे फोन नंबर सगळ्यांना मिळतात. इथे तर १९७४ च्या कायद्याने विद्यार्थ्यांच्या नोंदींची गोपनीयता राखलेली आहे. म्हणून फोरम वर्गापुरता बंद ठेवायचा आणि गुणांबद्दल फोरमवर चकार शब्द काढायचा नाही.

इथे २२ जणांचे चार गट करावेत, दोन सहांचे आणि दोन पाचांचे. चारांच्या गटात एकाने दांडी मारली की चर्चा बसते, आणि आठांत दोघंजण नेहमी लपतात. गट पाच आठवडे तसेच ठेवावेत. पंधरा आठवड्यांत पंधरा फोरम नकोत, दहा पुरेत. ज्या आठवड्यात मोठा निबंध द्यायचा असतो त्या आठवड्यात फोरम ठेवला की दोन्ही बिघडतात. गुण तीनच पायऱ्यांत द्यावेत: शून्य, एक, दोन. काम झालं, अर्धं झालं, झालं नाही. दहापैकी साडेसात का आणि आठ का नाहीत या वादात शिक्षकाचा जीव जातो आणि मुलाचं लेखन सुधारत नाही. एकूण कोर्सच्या १५ टक्के ठेवले की मुलं मनावर घेतात, पण घाबरत नाहीत.

शिक्षकाने पहिलं उत्तर देऊ नये. सरांनी किंवा मॅडमनी मत दिलं की गट थांबतो, हे दोन्ही देशांत सारखं आहे. गुरुवारी प्रत्येक गटात एकदा जावं आणि निकाल न देता प्रश्न विचारावा. सोमवारी सगळ्या वर्गाला २०० शब्दांचं टिपण लिहावं, आणि त्यात मुलांची तीन वाक्यं, त्यांची परवानगी घेऊन, नावासकट द्यावीत. आपलं वाक्य शिक्षकाने उचललं हे एकदा दिसलं की पुढच्या आठवड्याची वाक्यं बदललेली असतात.

३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आलं आणि 'लेखकाचं मुख्य म्हणणं काय' छापाचे फोरम उघडे पडले. त्यावर ओळखयंत्रं, म्हणजे मजकूर यंत्राने लिहिला का ते सांगणारे प्रोग्राम, लावण्याचा मार्ग मला अजिबात मान्य नाही. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सात ओळखयंत्रांना टोफेल या परदेशी विद्यार्थ्यांच्या इंग्रजी परीक्षेतले ९१ निबंध दिले. माणसांनी लिहिलेले ते निबंध सरासरीने निम्म्याहून अधिक वेळा यंत्राचे ठरवले गेले. टोफेल कोण देतं ते सांगायला नको. आपल्याच मुलांच्या साध्या, जपून लिहिलेल्या इंग्रजीवर संशय येतो. त्यापेक्षा प्रश्न मसुद्याशी बांधावा, कालच्या आणि आजच्या वाक्यातला बदल मागावा. यंत्र बदललेलं वाक्य देतं, पण गटातल्या कोणत्या उत्तरामुळे ते बदललं हे विचारलं की ते उत्तर धाग्यात दाखवावं लागतं.

भारतात राहून इथला ऑनलाइन कोर्स करणाऱ्यांसाठी एक. न्यूयॉर्कचं ११:५९ म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात दुसऱ्या दिवशी सकाळी १०:२९ आणि उन्हाळ्यात ९:२९. घड्याळ मार्चमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये बदलतं. कॅनव्हासच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये कोलकाता वेळ निवडली की सगळ्या तारखा आपल्या वेळेत दिसतात. हे पहिल्याच दिवशी करून ठेवा, कारण नोव्हेंबरचा तो आठवडा नेमका निबंधाच्या मसुद्याचा असतो.