इंदूरचा नाताळ आणि दुसरं कडवं

सात वर्षांनी यंदा नाताळला इंदूरला गेले. पुण्याहून थेट गाडी आहे, एका रात्रीचा प्रवास. उज्जैनला जाग आली तेव्हा लेक माझ्या शालीत शिरून झोपली होती आणि खिडकीच्या काचेला हात लाववत नव्हता. माळव्यातला डिसेंबर मी विसरूनच गेले होते. पुढचे चार दिवस आत्याचे जुने स्वेटर घालून काढले.

आत्या दारातच उभी होती. "बरं झालं तू आली," म्हणाली. इंदूरच्या मराठीत 'आलीस'मधला 'स' गळतो. तो गळलेला ऐकला की मला घरी पोचल्यासारखं वाटतं.

आमचे आजोबा मूळचे नगरचे. मिशनच्या शाळेत शिकले आणि नोकरीसाठी इकडे आले. अहिल्याबाईंचं चौंडी नगर जिल्ह्यातलंच, त्यामुळे आजोबा अभिमानाने म्हणायचे, "नगरच्या माणसाला माळवा मानवतो." क्रिश्चन कॉलेजच्या ऑफिसात त्यांची नोकरी होती. कॉलेज १८८७ सालचं. किशोर कुमार तिथे शिकले, हे घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ते सांगत. बिऱ्हाड रामबागेत, एका वाड्यातल्या दोन खोल्यांत. सगळी मराठी वस्ती, पण वाड्यात ख्रिस्ती घर आमचं एकच.

माझ्या लहानपणी नाताळची सुट्टी म्हणजे त्या दोन खोल्या. आजोबा बांबूच्या कामट्या तासून चांदणी बांधायचे. संक्रांत जवळ आलेली असे, त्यामुळे पतंगाचा कागद कुठेही मिळायचा. लाल आणि पांढरा, बाकी कुठलाही रंग त्यांना चालत नसे. आजी कणकेची खळ शिजवायची आणि ती गरम असतानाच आम्ही बोटांनी कागदाच्या कडांना लावायचो. वाळल्यावर कागद ताठ व्हायचा, टिचकी मारली की डफासारखा वाजायचा. मग आत चाळीसचा बल्ब सोडून चांदणी जिन्यावर टांगायची. दिवाळीचा फराळ वाड्यातून आमच्याकडे यायचा आणि नाताळच्या करंज्या, चकल्या, शंकरपाळी आमच्याकडून प्रत्येक दारी जायची. आजीच्या करंजीत खव्याचं सारण असे. इतकी खुसखुशीत करंजी मी दुसरीकडे कुठेही खाल्लेली नाही.

तो वाडा आता नाही. आत्या राजेंद्रनगरला फ्लॅटमध्ये राहते. चांदणी प्लॅस्टिकची, लुकलुकणारी. मला ती आवडली नाही आणि मी तसं आत्याला सांगितलंही. ती म्हणाली, "कामट्या तासणारे हात कुठून आणू गं?" त्यावर मला काही बोलता आलं नाही.

चोवीसच्या रात्रीच्या उपासनेबद्दल थोडं रागाने लिहिते. प्रार्थना चालू असताना लोक पाठ फिरवून फोटो काढत होते. गव्हाणीसमोर इतकी रेटारेटी होती की लेकीला बाळ येशू दिसलाच नाही. नाताळ पाहायला सगळ्यांनी यावं, आनंदच आहे. पण दहा मिनिटं गप्प उभं राहायला काय हरकत आहे?

पंचवीसला सकाळी उपासना, दुपारी जेवण, मग सगळे आडवे. आणि संध्याकाळी ते घडलं, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले आहे.

चर्चमध्ये गाणी हिंदी, पण घरी नाताळच्या संध्याकाळी मराठीच गायचं, हा आजीचा नियम. पेटी, झांजा आणि तिचं भजनांचं पुस्तक. त्यातलं एक पाळण्याच्या चालीचं गीत आमच्या घरातलं शेवटचं. ते झाल्याशिवाय करंजीला हात लावायचा नाही. यंदा गायला आम्ही तिघीच. शिवाय वाड्यातल्या जुन्या शेजारीण काकू आल्या होत्या. दर नाताळला त्या रिक्षा करून येतात. वय पंच्याहत्तरच्या पुढे, गुडघे दुखतात, तरी येतात.

आत्याने पेटी धरली. पहिलं कडवं झालं, ध्रुवपद झालं आणि ती थांबली. पुस्तकातलं ते पान कधीच फाटून गेलेलं. इतकी वर्षं आजीच्या मागोमाग म्हणायचं, म्हणून आठवायची वेळच आली नव्हती. आत्याने पुन्हा ध्रुवपद घेतलं, पुन्हा तिथेच अडली. तिचे डोळे भरले. मला पहिला शब्दसुद्धा आठवेना.

तेवढ्यात सोफ्यावरून आवाज आला. काकू गात होत्या. आवाज थरथरत होता, पण दुसरं कडवं पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत, आजीच्याच चालीत, आजी जिथे श्वास घ्यायची तिथेच श्वास घेऊन. तिसरंही म्हटलं. आत्याचे हात पेटीवर तसेच राहिले.

"भिंतीला भिंत होती ना आपली," काकू म्हणाल्या. "नवीन लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकते. धाकटा रात्र रात्र रडायचा, तेव्हा मावशींनी हेच म्हणून त्याला झोपवला होता. मग मीपण म्हणायला लागले. माझी दोन्ही मुलं याच्यावरच झोपली. नातूपण."

काकूंच्या घरी गणपती बसतो, चैत्रगौर असते. आणि आमच्या आजीचं गाणं त्या घरात तीन पाळण्यांवर गायलं गेलं, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. आत्या उठून त्यांच्या गळ्यात पडली. मी लेकीला वही आणायला सांगितलं.

नंतरचे दोन दिवस राजवाडा, सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात गराडू, म्हणजे तळलेला कंद, आणि मांडूची एक धावती फेरी यांत गेले. गराडू थंडीतच खावेत, तेही तळून निघाल्या निघाल्या जिरावण मसाला भुरभुरून आणि लिंबू पिळून, एवढंच सांगते.

तर ती वही. काकू सांगत होत्या, लेक लिहीत होती. तिचं मराठी अक्षर डुगडुगतं, जोडाक्षरापाशी थांबून ती माझ्याकडे बघायची. तिसऱ्या कडव्यात आत्याने अडवलं. तिचं म्हणणं, शब्द 'गोठ्यात' आहे. काकू म्हणाल्या 'गोठ्यापाशी'.

"मात्रा जास्त होतात काकू, तालात बसत नाही."

"मावशी बसवायच्या."

दोघींनी आपापल्या परीने गाऊन दाखवलं. दोन्ही बसत होते. लेकीने दोन्ही शब्द लिहिले, मध्ये तिरकी रेघ देऊन, आणि मग आत्याने करंज्यांचा डबा उघडला.