जुन्या ट्रकचा अल्टरनेटर: दुरुस्त करावा की बदलावा?

उसाचा हंगाम तोंडावर आला असताना आमच्या जुन्या ट्रकचा चार्जिंगचा दिवा विझेना, म्हणून पट्टा ढिला नसल्याची खात्री करून मी अल्टरनेटर, म्हणजे इंजिनाच्या जोरावर फिरून बॅटऱ्या चार्ज करणारे यंत्र, उतरवला आणि कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात नेला. इंजिन चालू असताना २४ व्होल्टच्या बॅटऱ्यांवर सुमारे २८ व्होल्ट मिळायला हवेत, मीटर २४.३ वरच अडला होता. मिस्त्रींनी तो उघडला, तेव्हा फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बन ब्रश झिजून नखाएवढे उरले होते आणि बेअरिंग हाताने फिरवताच खरखरत होते, पण वाइंडिंगचा, म्हणजे आतल्या तारेच्या वेटोळ्यांचा, तांबूस रंग शाबूत होता. वाइंडिंग जळून काळे पडले असते, तर मी निमूटपणे नवा अल्टरनेटर घेतला असता. स्वस्तातल्या बिनछापाच्या मालावर माझा विश्वास नाही. ब्रश व बेअरिंग बदलल्यावर मीटरने २८.१ दाखवले.