वायर किती लांब ठेवायची? : डेन्मार्कमधली घरं, उजेड आणि शेजार

डेन्मार्कमध्ये भाड्याचा रिकामा फ्लॅट ताब्यात मिळतो तेव्हा त्यात सहसा एकही दिवा नसतो. छताला एक हूक, शेजारी वायर जोडायची जागा, बस्स. आधीचे भाडेकरू आपापले दिवे काढून घेऊन गेलेले असतात. हिवाळ्यात राहायला येणाऱ्यांनी म्हणून एक टेबललँप सामानात अगदी वर ठेवावा. डिसेंबरच्या उत्तरार्धात कोपनहेगनला सूर्य साडेआठनंतर उगवतो, पावणेचारच्या आत मावळतो, आणि भर दुपारीही क्षितिजापासून जेमतेम ११ अंश वर येतो. घरातला जागेपणीचा बहुतेक वेळ दिव्याखालीच जातो.

‘ह्युगे’ (घरातली उबदार, निवांत सोबत) हा डॅनिश शब्द मेणबत्त्या आणि लोकरी पांघरुणांच्या फोटोंसकट जगभर फिरला. त्या फोटोंत सहसा न दिसणारी गोष्ट म्हणजे दिव्याच्या वायरची लांबी, आणि माणसं टेबलाशी रेंगाळतात ती बरीचशी तिच्यामुळे. जेवणाच्या टेबलापासून शेडची खालची कड ५५ ते ६० सेंटिमीटरवर हवी. टेबल ७४ सेंटिमीटर उंच धरलं तर ही कड जमिनीपासून साधारण १३० वर येते; बसलेल्या माणसाचे डोळे ११५ ते १२० वर असतात. म्हणजे समोरच्याचा चेहरा शेडखालून पूर्ण दिसतो, उजेड टेबलावर पडतो आणि भोवतालची खोली अंधुक राहते. दिवा ८०–९० सेंटिमीटरवर नेलात तर बल्ब थेट डोळ्यांत जातो, ४५ वर आणलात तर समोरच्याशी वाकून बोलावं लागतं.

नजर कडेच्या जरा खालीच असल्यामुळे शेडमध्ये बल्ब पुरता झाकलेला हवा. डॅनिश डिझायनर पौल हेनिंगसेन यांनी १९२०च्या दशकापासून दिव्यांवर काम केलं ते याच चकाकीविरुद्ध. त्यांचा १९५८चा ‘पीएच ५’ (मुख्य शेडचा व्यास ५० सेंटिमीटर, म्हणून ५) अजूनही असंख्य घरांत टेबलावर लोंबतो. एकावर एक शेड अशा वळणाच्या की कुठेही बसा, बल्ब दिसत नाही.

खरी अडचण हुकाची. तो खोलीच्या मधोमध आणि टेबल खिडकीशी! त्यासाठी टेबल हुकाखाली ओढू नका. टेबलाच्या मध्यावर दुसरा हूक बसवा आणि वायर सैल झोळ देऊन तिथवर न्या. काँक्रीटच्या छताला हॅमर ड्रिल आणि भोकात स्क्रू धरून ठेवणारा प्लग लागतो. जुन्या इमारतींत प्लास्टरच्या मागे पोकळी असते. तिथे लाकडी तुळई शोधूनच स्क्रू घाला, नुसत्या प्लास्टरवर भरवसा नको. मेन स्विच बंद करून दिवा जोडायची भाडेकरूला मुभा आहे. घर सोडताना भोकं बुजवावी लागू शकतात. आणि टेबल हलवलंत तर वायर त्याच दिवशी वर घ्या, नाहीतर कपाळमोक्ष ठरलेला.

बाकी खोलीत एकच मोठा दिवा टाळा. डॅनिश लोक ‘उजेडाची बेटं’ म्हणतात: सोफ्याशी एक, वाचायच्या खुर्चीशी एक, कपाटावर एक, खिडकीच्या कट्ट्यावर एक. बल्ब २७०० केल्विनचे, म्हणजे उबदार पिवळसर उजेडाचे; रंगदर्शकता (CRI, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात) ९०च्या वर. सगळे एकाच छटेचे घ्या. एक ४०००चा, पांढऱ्या उजेडाचा शिरला की बाकीचे पिवळट, आजारी दिसतात. एलईडी मिणमिणू किंवा गुणगुणू लागला तर बहुधा दोष बल्बचा नसून भिंतीतल्या जुन्या डिमरचा (उजेड कमी-जास्त करणाऱ्या स्विचचा) असतो: तो जास्त वॅटच्या तारेच्या बल्बसाठी बनलेला, एलईडीचा भार त्याला पुरत नाही. मेणबत्त्या लावा खुशाल, पण काजळी आणि बारीक कण घरातच राहतात. थंडी असली तरी दिवसातून दोन-तीनदा, ५ ते १० मिनिटं समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्याच लागतात.

आता घराबाहेरचा शेजार. १९६७ मध्ये बोडिल ग्रो यांनी ‘पोलिटिकेन’ दैनिकात ‘मुलांना शंभर आईबाप असावेत’ अशा अर्थाच्या मथळ्याचा लेख लिहिला. त्यातून आणि वास्तुविशारद यान गुडमंड-हॉयर यांच्या मांडणीतून ‘बोफेलेस्कॅब’ ही वसाहत-पद्धत आकाराला आली. हिलरॉड गावाजवळची सेटेडामेन ही अशी वसाहत १९७२ मध्ये वसली. प्रत्येकाचं घर स्वतंत्र, स्वयंपाकघरासकट. जोडीला सामाईक घर, जिथे पाळीपाळीने रांधून एकत्र जेवतात. अशा वसाहती चालतात त्या मांडणीमुळे. गाड्या वसाहतीच्या कडेला थांबतात, त्यामुळे दारापर्यंत चालावंच लागतं. स्वयंपाकघराची खिडकी पायवाटेकडे असते आणि सामाईक घर येण्याजाण्याच्या वाटेवर. तेच टोकाला बांधलं तर ‘मुद्दाम जायची’ जागा होते, आणि मुद्दाम कोण जातं?

सामाईक जेवणघरात सगळ्यांत जास्त घात आवाज करतो. काच, लाकडी फरशी, उंच छत आणि चाळीस जणांचे काटे-चमचे! प्रत्येक जण जरा मोठ्याने बोलतो, मग शेजारचा त्याहून मोठ्याने. श्रवणयंत्र लावणाऱ्यांचे तर हालच. उपाय छतात: लाकडाच्या लांब तंतूंचे सिमेंटमध्ये बांधलेले पत्रे, आणि त्यांच्या मागे मिनरल वूल, म्हणजे खनिज तंतूंचा कापसासारखा थर. पत्रे थेट स्लॅबला चिकटवले तर खालच्या पट्टीतला गोंगाट फारसा शोषला जात नाही. खुर्च्यांच्या पायांना फेल्ट लावायला पाच मिनिटं लागतात, तरी तेच राहून जातं. वीस जणांचं लांबलचक टेबल फोटोत छान दिसतं; बोलणं मात्र दोन्ही बाजूच्या आणि समोरच्या माणसांपुरतंच राहतं. सहा ते आठ जणांची टेबलं बरी: माणशी ६० सेंटिमीटर कड, रुंदी ८० ते ९०, आणि मागून ताट घेऊन जाता यावं म्हणून भिंतीपर्यंत किमान ९० मोकळे. गोल टेबल १५० सेंटिमीटरच्या पुढे गेलं की त्यावर दोन वेगळ्या गप्पा सुरू होतात.

जेवणापलीकडे तिथे जायला काही साधं निमित्तही लागतं. धुलाईयंत्रं तळघरात न ठेवता सामाईक स्वयंपाकघराला लागून ठेवली आणि मधल्या दाराला काच लावली, तर कपडे धुवायला आलेला माणूस आत कोण आहे ते बघतो, आणि यंत्र थांबेपर्यंत तिथेच टेकतो.