रेडिंगहून मिडलंड्सकडे: इयर ट्वेल्व्हमधील ओपन डेचा वृत्तांत

इंग्लंडमधील सिक्स्थ फॉर्मचे (शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांचे) पहिले वर्ष, म्हणजे इयर ट्वेल्व्ह, संपत आले की जूनमध्ये विद्यापीठांचे ओपन डे, म्हणजे भावी विद्यार्थ्यांना विद्यापीठ दाखवण्याचे दिवस, सुरू होतात आणि घरोघरी रेल्वेची तिकिटे शोधली जाऊ लागतात. आमची लेक गणित, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र हे विषय घेऊन ए-लेव्हल, म्हणजे शाळेअखेरच्या परीक्षेचा अभ्यासक्रम, करीत आहे. इंजिनिअरिंगला जायचे एवढे तिचे ठरलेले असले, तरी शाखा कोणती यावर दर आठवड्याला मत बदलत होते. रेडिंगहून एका दिवसात जाऊन येता येतील अशी मिडलंड्समधील, म्हणजे मध्य इंग्लंडमधील, बर्मिंगहॅम, वॉरिक आणि नॉटिंगहॅम ही विद्यापीठे आम्ही या उन्हाळ्यात पाहिली, त्याचा हा वृत्तांत आहे. ज्यांची मुले आता अकरावीच्या वयाची आहेत त्यांना तो उपयोगी पडावा.

महाराष्ट्रात शिकलेल्या आईवडिलांना येथील क्रम प्रथम उलटा वाटतो. आपल्याकडे आधी परीक्षा, मग सीईटीचा पर्सेंटाइल, मग कॅप राउंडचा पसंतीक्रम. हातात गुण असल्यामुळे कुठे डाळ शिजेल याचा अंदाज बांधता येतो. येथे अर्ज यूकॅस या सामाईक प्रवेशसेवेमार्फत शरद ऋतूत भरायचा, ए-लेव्हलचा निकाल मात्र पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये लागायचा. मधल्या काळात विद्यापीठे शिक्षकांनी दिलेले प्रेडिक्टेड ग्रेड्स, म्हणजे अंदाजित श्रेणी, पाहून अटीसह प्रवेश देऊ करतात. अर्जात फक्त पाच जागा असतात, मेडिकल, डेंटल आणि पशुवैद्यकीय अभ्यासक्रमांसाठी त्यांतल्या चारच वापरता येतात, आणि ऑक्सफर्ड व केंब्रिज या दोन्हींना एकाच वर्षी अर्ज करता येत नाही. शिवाय अर्ज नुसत्या विद्यापीठाला नसतो, तर तेथील ठरावीक अभ्यासक्रमाला असतो, आणि प्रवेश मिळाल्यावर शाखा बदलणे प्रत्येक ठिकाणी सोपे नसते. म्हणून ओपन डेला जायचे ते विद्यापीठ पाहायला नव्हे, अभ्यासक्रम पाहायला, असे आम्ही निघण्यापूर्वीच ठरवले होते, आणि त्याचा फायदा झाला.

निघण्यापूर्वीची तयारी एका संध्याकाळची आहे. प्रत्येक अभ्यासक्रमाच्या पानावर वर्षवार विषयांची यादी असते, ती शेजारी शेजारी ठेवून वाचावी. ‘मेकॅनिकल इंजिनिअरिंग’ हे एकच नाव असलेल्या दोन अभ्यासक्रमांत लेखी परीक्षेचे आणि प्रकल्पाचे प्रमाण किती वेगळे असते हे तेथेच दिसते. प्रवेशाच्या अटीत केवळ ग्रेड्स न पाहता विषयही पाहावेत. कॉम्प्युटर सायन्सच्या अनेक अभ्यासक्रमांना ए-लेव्हलचे गणित हवेच असते, कॉम्प्युटर सायन्स हा विषय मात्र असला काय नि नसला काय, चालते. ‘डिस्कव्हर युनि’ या अधिकृत संकेतस्थळावर प्रत्येक अभ्यासक्रमातील विद्यार्थ्यांचे समाधान आणि पदवीनंतरची कमाई यांची आकडेवारी मिळते. वृत्तपत्रांतील क्रमवारीपेक्षा आम्हाला तिचा उपयोग अधिक झाला, कारण सतरा वर्षांच्या मुलीला पहिल्या वर्षी कोण शिकवणार हे क्रमवारीतून कळत नाही.

ओपन डेची नोंदणी विनामूल्य असते, पण विषयाच्या व्याख्यानाची जागा अनेकदा स्वतंत्रपणे राखावी लागते आणि लोकप्रिय विषयांच्या सकाळच्या जागा लवकर भरतात. मुलाचे वय 16 किंवा 17 असेल तर ‘16-17 सेव्हर’ हे रेलकार्ड आधी घ्यावे; त्यावर बहुतेक तिकिटे अर्ध्या किमतीत मिळतात, मात्र अठरावा वाढदिवस उजाडला की ते संपते. रेडिंगहून ऑक्सफर्ड, बॅनबरीमार्गे बर्मिंगहॅम न्यू स्ट्रीटला थेट गाडी आहे. शनिवारी ती भरलेली असते, तेव्हा आसन राखून ठेवणे इष्ट.

बर्मिंगहॅमला पोहोचणे सर्वांत सोपे ठरले. न्यू स्ट्रीटवरून लोकल गाडी पकडली की दहा मिनिटांच्या आत ‘युनिव्हर्सिटी’ नावाचेच स्टेशन येते आणि बाहेर पडले की परिसर सुरू होतो. लाल विटांच्या अर्धवर्तुळाकार इमारतींसमोर जोसेफ चेंबरलेन यांच्या स्मरणार्थ उभारलेला सुमारे शंभर मीटर उंचीचा घड्याळाचा मनोरा आहे. टोले पडत असताना त्याखालून गेल्यास पदवी हुकते अशी विद्यार्थ्यांत समजूत आहे, आणि आम्हाला परिसर दाखवणारी विद्यार्थिनी खरोखरच वळसा घालून चालत होती.

तेथील कार्यशाळेत विद्यार्थ्यांनी बांधलेली फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धेची गाडी मांडलेली होती. तिच्याभोवती पालकांची गर्दी होती आणि प्रश्न सारे वेगाचे आणि खर्चाचे चालले होते. लेकीने मात्र गाडीजवळच्या मुलाला विचारले, “गटात एखाद्याने कामच केले नाही तर गुण कसे देतात?” तो हसला आणि मग बराच वेळ बोलत राहिला: अभ्यासक्रमातील गटप्रकल्पात सहकारी एकमेकांचे मूल्यमापन कसे करतात, त्यावरून भांडणे कशी होतात, प्रयोगशाळेचा अहवाल लिहायला प्रयोगापेक्षा दुप्पट वेळ कसा जातो, आणि पहिल्या वर्षीच्या गणिताने त्याला कसा घाम फोडला. प्राध्यापकांच्या व्याख्यानात यातले काहीही नव्हते. त्यानंतर प्रत्येक ठिकाणी आम्ही हाच शिरस्ता ठेवला की अभ्यासक्रमाची रचना प्राध्यापकांना विचारायची आणि रोजचे जगणे विद्यार्थ्यांना. प्रश्न मुलांनीच विचारावेत हेही येथे सांगून ठेवते. पालक पुढे सरसावले की समोरचा विद्यार्थी अदबीने, माहितीपत्रकातल्यासारखी उत्तरे देऊ लागतो.

वॉरिक विद्यापीठ वॉरिक गावात नसून कॉव्हेंट्रीच्या वेशीवर आहे, तेव्हा तिकीट कॉव्हेंट्रीचे काढावे. स्टेशनबाहेरून विद्यापीठाकडे बस जाते. शहराच्या मध्यभागी दिसते ते कॉव्हेंट्री विद्यापीठ, ही निराळी संस्था. वॉरिकची स्थापना 1965 ची, त्यामुळे येथे जुन्या दगडी कमानी नाहीत. आम्ही मात्र येथेच सर्वांत जास्त रेंगाळलो, कारण येथील इंजिनिअरिंगची मांडणी शाखा न ठरलेल्या मुलांना सोयीची आहे: पहिले वर्ष सर्व शाखांना सामाईक असते आणि विशेष शाखा नंतर घेता येते. इतर अनेक ठिकाणी पहिल्या दिवसापासून शाखेत बसावे लागते. ज्याचे आधीच पक्के ठरले आहे त्याला सामाईक वर्ष वेळकाढूपणा वाटू शकेल, आमच्या घरी मात्र त्याने आठवड्यागणिक चालणारा वाद मिटला. कुमार भट्टाचार्य यांनी 1980 मध्ये सुरू केलेला उत्पादन-तंत्राचा विभागही येथलाच. त्यांचे नाव दिलेल्या इमारतीतील मोटार संशोधन केंद्रात जॅग्वार लँड रोव्हरबरोबर टाटा मोटर्सचा सहभाग आहे, आणि पिंपरीचा कारखाना बाहेरून पाहत मोठी झालेली मी तेथे थोडी अधिकच वेळ उभी राहिले. एक गोष्ट मात्र चौकशी केल्याशिवाय कळत नाही. पहिल्या वर्षानंतर येथील बरेच विद्यार्थी लेमिंग्टन स्पा येथे घर भाड्याने घेऊन बसने ये-जा करतात, म्हणून घरभाड्याबरोबर बसपासचा खर्चही हिशेबात धरावा लागतो.

नॉटिंगहॅमविषयी थोडक्यात सांगते. स्टेशनवरून ट्राम थेट विद्यापीठाच्या फाटकाशी सोडते. तळ्याकाठचा परिसर तिघांत सर्वांत देखणा आहे आणि मलेशिया व चीनमध्येही या विद्यापीठाचे परिसर असल्याने एखादे सत्र तेथे घालवण्याची वाट आहे. चढउतार बरेच असल्याने पायात चांगले बूट हवेत. येथील व्याख्यानात बीइंग (बॅचलर ऑफ इंजिनिअरिंग) आणि एमइंग (मास्टर ऑफ इंजिनिअरिंग) या पदव्यांतला फरक प्रथम नीट समजला: बीइंग तीन वर्षांचे, एमइंग चार वर्षांचे, आणि चार्टर्ड इंजिनिअर ही व्यावसायिक मान्यता मिळवायची असेल तर मान्यताप्राप्त एमइंगने शैक्षणिक अट पूर्ण होते, बीइंगनंतर पुढे आणखी शिक्षण घ्यावे लागते. एमइंगच्या चौथ्या वर्षालाही पदवीचेच विद्यार्थी-कर्ज लागू होते, हाही मोठा फरक आहे.

खर्चाचे बोलायचे तर इंग्लंडमधील विद्यापीठांची देशी विद्यार्थ्यांसाठीची कमाल फी 2025-26 या वर्षासाठी 9,535 पौंड होती. मधले एक वर्ष उद्योगात काम करण्याचा पर्याय घेतल्यास त्या वर्षी पूर्ण फीच्या जास्तीत जास्त वीस टक्के आकारता येते आणि मुलाला पगार मिळतो. सध्याच्या कर्जाची परतफेड वार्षिक 25,000 पौंडांवरील उत्पन्नाच्या नऊ टक्क्यांनी होते आणि चाळीस वर्षांनी उरलेली रक्कम माफ होते, त्यामुळे गृहकर्जाच्या धास्तीने त्याकडे पाहू नये. निर्वाहासाठीचे कर्ज मात्र पालकांच्या उत्पन्नावर ठरते आणि दोघांच्या नोकऱ्या असलेल्या घरांत ते खोलीभाड्यालाही पुरतेच असे नाही. वर्क व्हिसावर आलेल्या मराठी कुटुंबांनी याहून आधीचा प्रश्न सोडवावा. देशी फीसाठी साधारणपणे अभ्यासक्रम सुरू होताना कायम वास्तव्याची परवानगी आणि त्याआधीची तीन वर्षे येथील वास्तव्य लागते. ती नसल्यास परदेशी विद्यार्थ्याची फी लागू होते आणि सारे गणितच बदलते. याची विचारणा विद्यापीठाच्या फी विभागाकडे आताच लेखी करावी.

पुढचे वेळापत्रक लक्षात ठेवण्यासारखे आहे. जूनमधील शाळेच्या परीक्षांवर बहुतेक शिक्षक प्रेडिक्टेड ग्रेड्स बेततात. 2026 च्या प्रवेशांपासून पर्सनल स्टेटमेंटमध्ये, म्हणजे अर्जातील स्वतःविषयीच्या निवेदनात, सलग निबंधाऐवजी तीन प्रश्नांची उत्तरे लिहायची असतात: हा विषय का, शालेय अभ्यासाने कोणती तयारी झाली, आणि शाळेबाहेर काय केले. मोकळ्या जागांसह एकूण 4,000 अक्षरांची मर्यादा आहे. म्हणून ओपन डेहून परतताना गाडीतच, आठवण ताजी असताना, विषयासंबंधी काय आवडले ते मुलांनी टिपून ठेवावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्यातूनच निघते. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि मेडिकल, डेंटल व पशुवैद्यकीय अभ्यासक्रमांसाठी अर्जाची मुदत 15 ऑक्टोबर, इतरांसाठी जानेवारीत. शाळेची अंतर्गत मुदत बरीच आधीची असते. जून हुकला तरी सप्टेंबर-ऑक्टोबरात पुन्हा ओपन डे होतात, पण तोवर अर्ज अर्धा लिहून झालेला असतो.

वसतिगृहे पाहण्याची रांग सर्वत्र लांब होती आणि आम्ही तिच्यात उभे राहिलो नाही. प्रवेश देऊ केलेल्या विद्यार्थ्यांना अनेक विभाग पुढच्या वसंतात पुन्हा बोलावतात, आणि फर्म (पहिली पसंती) व इन्शुरन्स (ती हुकल्यास राखीव) अशा दोन जागा निवडायची वेळ त्यानंतरच येते. खोल्या, स्वयंपाकघरे आणि भाडी तेव्हा सावकाश पाहता येतात.