श्रावण, चक्का आणि सव्वा किलोच्या दोन प्लेट्स

जिमचा आठवडा २२. माझं वजन ६९ किलो, सकाळी उपाशीपोटी. मार्चमध्ये सुरुवात केली तेव्हा ६५ होतं. स्क्वॉट (खांद्यावर बार घेऊन बैठका) ९० किलो, बेंच (आडवं पडून छातीवरून बार ढकलणं) ६५, डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलणं) ११५, सगळे पाच-पाच रेप्सचे, म्हणजे सलग पाच वेळा उचलण्याचे, तीन सेट.

श्रावण लागला आणि अंडी बंद. रोजची पाच अंडी म्हणजे ३० ग्रॅम प्रथिनं एका झटक्यात गेली. माझं गणित वजनाच्या किलोमागे १.६ ग्रॅम, म्हणजे दिवसाला ११० ग्रॅम. पहिल्या आठवड्यात वहीत मांडलं तर कसेबसे ७० भरत होते. बशीभर पोह्यांत ५-६ ग्रॅम. एकादशीच्या साबुदाणा खिचडीतून दाण्याचं कूट वगळलं तर उरतो निव्वळ स्टार्च, आणि त्या दिवशी मी हट्टाने स्क्वॉट केले. तिसऱ्या सेटला खाली बसलो तो बसलोच, बार सेफ्टीवर (रॅकच्या आडव्या दांड्यांवर) सोडून सरपटत बाहेर आलो.

आता रोज ५० ग्रॅम कोरडे सोया चंक्स (२६ ग्रॅम प्रथिनं) आलं-लसूण लावून परततो. लसूण मला चालतो, आजीला नाही, म्हणून माझी कढई वेगळी. शिवाय डेअरीतून आणलेला चक्का, मीठ-जिरेपूड घालून. आई म्हणाली, "साखर नको? बरं वाटत नाहीये का तुला?" व्हेवरही (प्रथिनांची पावडर) दोन दिवस खल झाला. तो दुधातूनच निघतो, हे तिला पटेना. शेवटी डब्यावरचा हिरवा ठिपका दाखवला, तेव्हा मिटलं.

ओव्हरहेड प्रेस (उभ्याने बार डोक्यावर ढकलणं) मात्र पाच आठवडे ४० वर अडकला होता. आधी खाण्याला दोष दिला, मग झोपेला. खरं कारण रॅकवर होतं. आमच्या जिममध्ये सगळ्यात लहान प्लेट अडीच किलोची. दोन्हीकडे चढवली की थेट ४५, म्हणजे एकदम साडेबारा टक्के वाढ. स्क्वॉटला ती खपून जाते, खांद्यांना नाही. सव्वा किलोची जोडी विकत घेतली, पंचात गुंडाळून बॅगेत नेतो. पोरं हसतात. हसू देत.

काल ४२.५ वर ५, ४, ४. शेवटचा रेप कपाळापाशी थांबला, मागे रेलायचा मोह झाला, पण बार खाली घेतला. बुधवारी पुन्हा ४२.५. तिन्ही सेट पाचाचे झाले तरच वजन वाढवणार.