डिस्क, लोड, मेमरी: समोरचा आकडा नेमका कशाचा?

नागपुरातल्या लहान-मध्यम कार्यालयांचे लिनक्स सर्व्हर सांभाळताना मला जे प्रश्न विचारले जातात, ते फार थोडे आणि वर्षानुवर्षे तेच आहेत: डिस्क भरली, लोड चढला, मेमरी संपली, क्रॉनचे (ठरावीक वेळी आपोआप चालणारे) काम झाले नाही, आणि वीज येऊनही सर्व्हर उठला नाही. विचारणारा बहुधा पडद्याचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवतो आणि एखादी कमांड मागतो. कमांड सांगणे सोपे असते. परंतु त्याआधी पडद्यावरचा आकडा कशाची मोजदाद करून आला आहे, एवढे विचारण्याची सवय लागली, तर निम्मे फोन करावेच लागणार नाहीत, असे माझे मत आहे. लिनक्स एकाच गोष्टीचे दोन-तीन वेगवेगळे हिशेब ठेवतो, आणि ते जुळत नाहीत असे वाटते तेव्हा बिघाडाची जागा त्या फरकातच सापडते.

डिस्कचा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो. परवाच एका कार्यालयातल्या मुलाचा फोन आला: “सर, एवढी मोठी लॉग फाइल उडवली, तरी जागा मोकळी नाही होऊन राहिली.” डीएफ ही कमांड डिस्क शंभर टक्के भरल्याचे सांगत होती, तर डीयूने सगळ्या डिरेक्टऱ्यांची बेरीज केल्यावर ती निम्म्यावरही जात नव्हती. त्याने सर्व्हर दोनदा तपासला होता आणि आता फाइलसिस्टीमच (डिस्कवर फाइली मांडून ठेवणारी व्यवस्था) खराब झाली असावी, अशा निष्कर्षाला तो आला होता. प्रत्यक्षात दोन्ही कमांड बरोबर होत्या. डीएफ फाइलसिस्टीमला विचारते, की किती ब्लॉक, म्हणजे डिस्कवरचे जागेचे ठरावीक तुकडे, कोणाच्या तरी ताब्यात आहेत. डीयू मात्र डिरेक्टरीमागून डिरेक्टरी फिरून, जिला नाव आहे अशाच फाइलींचा आकार मिळवत जाते. आरएम कमांडने फाइलीचे नाव जाते, परंतु एखादी प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्राम, ती फाइल उघडून बसली असेल, तर तिचे ब्लॉक त्या प्रोसेसने फाइल बंद करेपर्यंत सुटत नाहीत. सातबाऱ्यावरून नाव कमी झाले, तरी आत राहणारा बाहेर पडेपर्यंत घर रिकामे होत नाही, तसाच हा प्रकार आहे.

अशा वेळी उघड्या फाइली दाखवणाऱ्या एलएसओएफ कमांडची यादी काढून तिच्यात ‘डिलीटेड’ असा शेरा असलेल्या ओळी शोधाव्यात. प्रोसेसचा क्रमांक, फाइल डिस्क्रिप्टरचा (प्रोसेसने उघडलेल्या फाइलीचा) क्रमांक आणि फाइलीचा आकार तिथे एकाच ओळीत मिळतो. त्या मुलाच्या सर्व्हरवर ती जावाची प्रोसेस निघाली, आणि नाव गेलेल्या त्याच लॉगमध्ये ती अजूनही लिहीत होती. सेवा रीस्टार्ट केली, की जागा सुटते. परंतु दुपारी बारा वाजता, काउंटरवर माणसे उभी असताना, रीस्टार्ट करणे शक्य नसेल, तर प्रॉक डिरेक्टरीत त्या प्रोसेसच्या क्रमांकाखाली असलेल्या एफडी डिरेक्टरीत जाऊन तो डिस्क्रिप्टर शून्य बाइटांचा करता येतो. प्रोसेस चालूच राहते आणि जागा लगेच मोकळी होते. पुढे असे होऊ नये म्हणून चालू लॉगवर आरएम चालवण्याऐवजी ती फाइल रिकामी करावी, किंवा लॉग वेळोवेळी बदलणाऱ्या लॉगरोटेटची व्यवस्था नीट लावावी. लॉगरोटेटमधला कॉपीट्रंकेट हा पर्याय नेमका अशा प्रोसेससाठी आहे, ज्यांना लॉग नव्याने उघडण्याचा संकेत देता येत नाही. कॉपी पूर्ण होणे आणि मूळ फाइल रिकामी होणे यांच्यामधल्या क्षणी लिहिलेल्या ओळी गमावण्याची शक्यता त्यात असते, हे मात्र माहीत असू द्यावे.

याच्या उलट परिस्थितीही येते: डीएफ भरपूर जागा दाखवते, आणि तरीही नवी फाइल तयार करताना ‘डिव्हाइसवर जागा शिल्लक नाही’ असा संदेश मिळतो. इथे ब्लॉक शिल्लक असून आयनोड, म्हणजे फाइलींची माहिती ठेवणाऱ्या नोंदी, संपलेले असतात. प्रत्येक फाइलीला, मग ती एका ओळीची का असेना, एक आयनोड लागतो, आणि ईएक्सटी-४ फाइलसिस्टीममध्ये त्यांची संख्या फॉरमॅट करतानाच ठरून जाते. सर्वसाधारण मांडणीत दर १६ किलोबाइटांमागे एक आयनोड मिळतो. वेबसाइटच्या सेशन फाइली कोणी साफच केल्या नाहीत, किंवा क्रॉनचे न पोहोचलेले मेल रांगेत साठत गेले, की लाखो चिमुकल्या फाइलींनी हा कोटा संपतो. दोन्ही प्रसंगी कर्नल (लिनक्सचा गाभा) एकच एरर क्रमांक, म्हणजे २८, परत करतो. त्यामुळे संदेशावरून फरक कळण्याचा मार्ग नाही. डीएफला ‘आय’ हा पर्याय जोडला, की मोजदाद ब्लॉकऐवजी आयनोडची होते आणि उत्तर समोर येते. एक्सएफएस फाइलसिस्टीम आयनोड गरजेप्रमाणे तयार करत जाते, म्हणून तिथे ही तक्रार क्वचितच ऐकू येते.

डिस्कच्या हिशेबातला तिसरा फरक ईएक्सटी-४च्या राखीव ब्लॉकांचा. सामान्य स्थितीत ५ टक्के जागा रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या, वापरकर्त्यासाठी राखलेली असते; ४ टेराबाइटांच्या डिस्कवर ती सुमारे २०० जीबी होते. ज्या डिस्कवर फक्त डेटा किंवा बॅकअप आहे, तिथे ट्यून-टू-एफएसने हे प्रमाण एक टक्क्यावर आणायला हरकत नाही. रूट विभाजनावर, म्हणजे खुद्द सिस्टीम असलेल्या भागावर, मात्र त्याला हात लावू नये, कारण डिस्क पूर्ण भरल्यावर आत शिरून सफाई करण्याची सोय त्या राखीव जागेवरच अवलंबून असते.

आता लोड. अपटाइम कमांडमध्ये शेवटी येणारे तीन आकडे अनुक्रमे १, ५ आणि १५ मिनिटांचे असतात, हे सर्वांना ठाऊक असते. ते सीपीयूचे आकडे आहेत, हा समज मात्र चुकीचा आहे. मूळ युनिक्समध्ये सीपीयूवर चालणाऱ्या आणि सीपीयूची वाट पाहणाऱ्या प्रोसेस तेवढ्या मोजल्या जात. लिनक्समध्ये १९९३ साली मॅथियास उर्लिक्स यांच्या पॅचमुळे डिस्कसारख्या साधनासाठी ताटकळलेल्या, म्हणजे मध्येच जागे न करता येणाऱ्या प्रोसेसही त्यात धरल्या जाऊ लागल्या. यंत्रावरचा एकूण भार दिसावा, असा त्यामागचा विचार होता, आणि मला तो योग्यच वाटतो. त्याचा परिणाम असा, की चार कोअरच्या सर्व्हरवर लोड ६० दिसतो आणि टॉप कमांडमध्ये सीपीयू ९५ टक्के मोकळा असतो. आणखी कोअर किंवा मोठा सर्व्हर विकत घेऊन अशा ठिकाणी काहीही फरक पडत नाही, आणि तरीही खरेदीचा प्रस्ताव तयार झालेला मी पाहिलेला आहे.

अशा वेळी पीएसच्या यादीतील स्थितीचा रकाना पाहावा. तिथे ‘डी’ अक्षर असलेल्या प्रोसेस ओळीने उभ्या असतील, तर कारण बहुधा दोहोंपैकी एक असते: एनएफएसवरून (नेटवर्कवरून फाइली वापरण्याची सोय) जोडलेला दुसरा सर्व्हर बंद पडला आहे, किंवा एखादी डिस्क अखेरच्या घटका मोजते आहे. दुसऱ्या शक्यतेचा पुरावा डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या संदेशांत, आय-ओ एररच्या ओळींनी मिळतो. व्हीएमस्टॅटमधला ‘बी’ हा रकाना अशाच अडकलेल्या प्रोसेसची संख्या देतो. डिसेंबर २०१८मध्ये आलेल्या ४.२० या कर्नलपासून प्रेशर स्टॉल माहितीही उपलब्ध आहे. प्रॉकमधल्या प्रेशर डिरेक्टरीत सीपीयू, मेमरी आणि आय-ओ यांच्यासाठी किती टक्के वेळ कामे खोळंबली, ते वेगवेगळे लिहिलेले असते. लोडच्या एका आकड्यात जे मिसळून गेले होते, ते इथे सुटे होऊन मिळते, आणि नव्या माणसांनी तर सुरुवात इथूनच करावी, असे मी म्हणेन.

मेमरीबद्दल थोडक्यात. फ्री कमांडच्या ‘फ्री’ रकान्यातला आकडा लहान असणे हे सुदृढ सर्व्हरचे लक्षण आहे, कारण रिकामी पडून राहिलेली मेमरी कर्नल डिस्कवरच्या फाइलींच्या कॅशसाठी वापरतो आणि मागणी आली, की सोडून देतो. पाहण्यासारखा रकाना ‘अव्हेलेबल’ हा आहे. तो अंदाज २०१४ सालच्या ३.१४ कर्नलपासून कर्नल स्वतःच देतो. दर तासाला कॅश रिकामी करणारी ओळ क्रॉनमध्ये घालण्याची जी प्रथा काही ठिकाणी रूढ झाली आहे, ती निरर्थकच नव्हे, तर अपायकारक आहे: ‘फ्री’चा आकडा फुगलेला दिसतो आणि त्याच फाइली पुन्हा डिस्कवरून वाचाव्या लागतात. मेमरी खरोखर संपते, तेव्हा कर्नलचा ओओएम किलर एखादी प्रोसेस मारतो, आणि ती बहुतेक वेळा सर्वांत मोठी, म्हणजे डेटाबेसची असते. ‘डेटाबेस आपोआप बंद पडतो’ अशी तक्रार आली, की डेटाबेसचा लॉग उलगडत बसण्याआधी कर्नलचा लॉग पाहावा. डेटाबेसला आपण का मेलो हे लिहून ठेवायला वेळच मिळालेला नसतो. कंटेनरमध्ये, म्हणजे एकाच यंत्रावरच्या वेगळ्या बंदिस्त कप्प्यात, आणखी एक गफलत होते: आत चालवलेली फ्री कमांड सहसा पूर्ण यंत्राची मेमरी दाखवते, कंटेनरची मर्यादा तिला दिसत नाही.

क्रॉनच्या तक्रारींतही आकडाच फसवतो, फक्त तो घड्याळाचा असतो. भाड्याने घेतलेले क्लाउड सर्व्हर बहुधा यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाण, वेळेवर चालतात. रात्री दोनला लावलेला बॅकअप त्यामुळे आपल्याकडे सकाळी साडेसातला सुरू होतो, आणि तो लांबला तर कार्यालय उघडते तेव्हा सर्व्हर जड वाटू लागतो. एका लॉगमध्ये यूटीसी आणि दुसऱ्यात भारतीय वेळ असेल, तर कारण आणि परिणाम साडेपाच तास लांब जाऊन पडतात, आणि त्या दोन ओळींचा संबंध कोणाच्या लक्षातच येत नाही. टाइमझोन बदलल्यावर क्रॉनची सेवाही रीस्टार्ट करावी. कोणताही तपास सुरू करण्याआधी घड्याळ आणि टाइमझोन दाखवणारी टाइमडेटसीटीएल कमांड चालवून पाहण्याचा माझा आग्रह असतो. घड्याळ काही मिनिटे जरी मागेपुढे असले, तरी सर्टिफिकेट ‘अजून वैध नाही’ ठरते, केर्बेरॉस या ओळख पटवण्याच्या पद्धतीचे लॉगिन सर्वसाधारण मांडणीत ५ मिनिटांच्या फरकापलीकडे नाकारले जाते, आणि पासवर्ड बदलून बदलून माणूस थकतो. वेळेमुळे लोड चढल्याचेही उदाहरण आहे: ३० जून २०१२च्या लीप सेकंदाला (घड्याळात घातलेल्या जादा सेकंदाला), म्हणजे आपल्याकडे १ जुलैच्या पहाटे साडेपाचला, कर्नलमधल्या दोषामुळे टायमर लगेच संपू लागले आणि जगभरच्या कित्येक लिनक्स सर्व्हरांवर जावा आणि मायएसक्यूएलच्या प्रोसेस सीपीयू खाऊ लागल्या. डेट कमांडने तीच वेळ पुन्हा भरली, की त्या शांत होत.

क्रॉनचे काम हाताने चालवल्यावर होते आणि क्रॉनमधून होत नाही, याची दोन कारणे जवळजवळ नेहमीची आहेत. क्रॉनला मिळणारा पाथ (कमांड शोधण्याच्या जागांची यादी) अगदी तोकडा असतो, म्हणून प्रत्येक कमांडचा पूर्ण पत्ता लिहावा. दुसरे कारण टक्क्याचे चिन्ह: क्रॉनटॅबच्या (क्रॉनच्या कामांच्या यादीच्या) ओळीत ते नव्या ओळीसारखे वाचले जाते, त्यामुळे बॅकअपच्या फाइलनावात तारीख घालणारी ओळ अर्ध्यातच तुटते. त्या चिन्हाआधी बॅकस्लॅश द्यावा, किंवा सरळ स्क्रिप्ट लिहून क्रॉनला फक्त तिचे नाव सांगावे.

उरला उन्हाळा. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि ज्या कार्यालयात संध्याकाळी एसी बंद करून कुलूप लावतात, तिथे रविवारच्या दुपारी सर्व्हरच्या खोलीचे काय होत असेल, याची कल्पना करता येईल. तापमान मर्यादेबाहेर गेले, की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. तेवढेच काम संथ होते, रांग वाढते आणि लोड चढतो, म्हणून नवतपात आलेल्या लोडच्या तक्रारीला माझे पहिले उत्तर डीमेसेजमध्ये ‘थ्रॉटल्ड’ शब्द शोधा, हे असते. त्या खोलीत कूलर लावण्याची युक्ती मात्र कोणी करू नये. खसाच्या ताट्यांतून येणारी ओल आणि आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यातले क्षार सर्किट बोर्डाला मानवत नाहीत.

मृगाच्या आधीच्या वादळांत वीज जाते-येते, तेव्हा शेवटचे दोन प्रश्न येतात. पहिला, फाइलसिस्टीम अचानक रीड-ओन्ली झाली. ईएक्सटी-४ला आपल्याच नोंदींत विसंगती आढळली, की नुकसान वाढू नये म्हणून ती लिहिणे थांबवते, अशी मांडणी अनेक ठिकाणी केलेली असते. त्यावर रीमाउंट करून पुन्हा लिहिण्याची परवानगी देणे, हा सर्वत्र सांगितला जाणारा उपाय धोक्याचा आहे. आधी डेटाची प्रत बाहेर काढावी, मग डीमेसेज आणि डिस्कची प्रकृती सांगणारी स्मार्टसीटीएल पाहून डिस्क धड आहे की नाही हे ठरवावे, आणि फाइलसिस्टीम तपासून दुरुस्त करणारे एफएससीके चालवायचे ते विभाजन अनमाउंट करूनच.

दुसरा, वीज आली, पंखे फिरू लागले, तरी सर्व्हर नेटवर्कवर येत नाही. मॉनिटर जोडून पाहिले, तर तो इमर्जन्सी मोडमध्ये रूटचा पासवर्ड मागत थांबलेला असतो. बॅकअपसाठी लावलेली यूएसबी डिस्क मधल्या काळात कोणीतरी काढून नेलेली असते, परंतु एफएसटॅबमधली (सुरू होताना जोडायच्या डिस्कांच्या यादीतली) तिची ओळ कायम असते. सर्व्हर सुरू करण्याचे काम पाहणारा सिस्टमडी तिच्यासाठी ९० सेकंद वाट पाहतो आणि मग पुढे जायला नकार देतो. अशा प्रत्येक बाहेरच्या डिस्कच्या ओळीत नोफेल (डिस्क नसली तरी पुढे जा) हा पर्याय लिहावा, डिस्कची ओळख एसडीबीसारख्या नावाने न देता यूयूआयडीने (फाइलसिस्टीमच्या स्वतंत्र ओळख-क्रमांकाने) द्यावी, आणि एफएसटॅबला हात लावल्यानंतर रीबूटची वाट न पाहता फाइंडमाउंट कमांडचा व्हेरिफाय पर्याय त्याच वेळी चालवून पाहावा.