उडीचं तेल

अंगणात दोन चिरे ठेवून त्यांवर फळी टेकवली, की झाला रॅम्प. पाऊस ओसरून गोव्यातल्या डिचोलीची लाल माती जरा घट्ट झाली, की भाचा रिमोटचा ट्रक घेऊन हजर. खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाचा, पण रुबाब टिपरचा. फळी सुटली की मागचं अंग वर, नाक खाली, आणि बंपर थेट मातीत. "मामा, मोठी मोटर घालूया," हा भाच्याचा एकमेव उपाय. मलाही तो पटला होता.

शेजारचे काका २०१२ मध्ये खाणी बंद पडेपर्यंत खनिजाचा ट्रक चालवायचे. गडग्यावरून बराच वेळ बघत होते. शेवटी राहवलं नाही. आत आले, ट्रकची पाठ तळव्याने दाबली आणि सोडली.

"फाटलें बेगीन उठता मरे!"

मागचं अंग लवकर उठतं, हे खरंच होतं. चढावर स्प्रिंग दबते आणि फळीच्या टोकाशी सुटते. मागची झटक्यात सुटली तर लाथ बसल्यासारखं मागचं अंग उडतं. तिला आवरणारं तेल शॉकच्या, म्हणजे धक्के झेलणाऱ्या नळीच्या, आत असतं. बोटाएवढ्या नळीत सिलिकॉन तेल, त्यात बारीक भोकांचा पिस्टन. तेल भोकांतून जितकं सावकाश सरकेल, तितकी स्प्रिंग सावकाश परतते. मागच्या शॉकमध्ये ३० नंबरचं होतं, त्याहून जाड ४० आणलं.

तेल भरणं हे मात्र उतावळ्याचं काम नव्हे. पिस्टन हळूहळू वरखाली करायचा, बुडबुडे चढायची वाट बघायची, पुन्हा वरखाली. भाच्याने दोन मिनिटांत टोपण आवळलं. आत हवा राहिली आणि शॉक पचपच करू लागला. उघडा परत. हात, टेबल, आईचा चांगला नॅपकिन, सगळं तेलकट. (नॅपकिनची चौकशी अजून चालू आहे.) पुढच्या वेळी जास्तीच जाड तेल भरून पाहिलं, तर चाकं खड्ड्यात उतरायलाच तयार नाहीत, ट्रक नुसता टणाटण. परत ४०. तेही दुपारच्या उन्हात पातळ होतं, म्हणून सकाळची सुरेख उडी दोन वाजता पुन्हा नाक खुपसते.

उरलेलं काम बोटाचं. हवेत असताना ट्रिगर दाबला की चाकं जोरात पुढे फिरतात आणि बाकीची गाडी उलट वळते, म्हणजे नाक वर. ब्रेक मारला की नाक खाली. भाच्याला हे आठ दिवसांत जमलं. मला अजून नाही. ऐन हवेत माझं बोट विचारात पडतं.

रविवारी काकांनी रिमोट मागितला. ट्रक फळीवरून सुटला, क्षणभर सपाट तरंगला आणि चारही चाकांवर उतरून तुळशीपाशी थांबला. काकांनी रिमोट भाच्याच्या हातात दिला.

"आतां भर माल."